पाणी थांबवून पाट मोजतात का

दिवसातून किती वेळा मी "श्वास घ्या... सोडा... आता रोखा" म्हणतो हे एकदा मोजायचं ठरवलं होतं, दुपारच्या चहापर्यंतच शंभराच्या पुढे गेलो आणि नाद सोडला. धुळ्यात एका सेंटरवर एमआरआय टेक्निशियन आहे मी, चौदा वर्षं झाली. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे बोगद्यात पेशंट, मधे माईक. लोक मला तोंडावरून ओळखत नाहीत, आवाजावरून ओळखतात. पाचकंदीलला भाजी घेत होतो तर एक मावशी म्हणे, "तुम्हीच ना ते श्वास रोखावाले?" आता यावर काय बोलणार, मेथीच्या दोन जुड्या जास्त घेतल्या आणि निघालो.

हा "रोखा" शब्द मी इतकी वर्षं विचार न करता वापरला. मागच्या नोव्हेंबरात बोगद्यात नाना होते तेव्हा पहिल्यांदा तो तोंडात अडकला.

नाना म्हणजे माझे वडील, वय ६७, साखर बारा वर्षांपासून. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. फडाचं गाव. ज्यांना फड माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चारीतून सारंग आणि सारंगातून वावरात पाणी, सगळं नुसत्या उतारावर, ना मोटर ना लाईटबिल. अख्ख्या फडात पीक एकच, आणि पाण्याची पाळी शेतकऱ्याच्या हातात नाही, पाटकऱ्याच्या हातात. नाना वीसेक वर्षं पाटकरी होते. मी लहान असताना रात्री त्यांच्याबरोबर चारीवरून जायचो, हातात कंदील, आणि मधेच ते खाली बसून पाण्यात तळहात धरायचे, काही न बोलता, मग उठून म्हणायचे वर कुठेतरी फुटलंय, चल. आणि खरंच तीन-चार वावरं वर खेकड्याने भोक पाडलेलं असायचं. मला तेव्हा ती जादू वाटायची. आता वाटतं त्यांना पाण्याची नेहमीची ओढ पाठ होती आणि त्यात जरा कमी पडलं की हाताला कळायचं, एवढंच. एवढंच म्हणतोय पण मला ते अजून जमत नाही.

तर असा माणूस स्वतःच्या छातीबद्दल मात्र दोन महिने "गॅस शे, दुसरं काहीच नही" यावर ठाम. बांध चढला की छातीवर कुणीतरी पाय ठेवल्यासारखं व्हायचं, पाच मिनिटं उभं राहिलं की जायचं, परत चाललं की परत यायचं. डॉक्टरकी शिकलेल्या कुणालाही हे ऐकवा, तो पुढचं वाक्य ऐकायच्या आधी ईसीजीची पट्टी काढेल. मायने शेवटी मला फोन केला, नाना आंघोळीला गेलेले तेवढ्यात, हळू आवाजात.

५२ देशांतला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आहे, त्यात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं आणि बाकी जगाचं ५९ च्या जवळपास. म्हणजे आपण पाच-सहा वर्षं आधीच रांगेत. नाना ६७ पर्यंत टिकले ते बांधावरच्या चालण्यामुळे असं माझं मत, मायचं मत कळण्याच्या भाकरीमुळे.

ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली. हार्टच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली. आणि रक्ताच्या रिपोर्टमधे क्रिएटिनिन १.८, म्हणजे किडन्या कमजोर. साखरेने किडन्यांना हात घातलेलाच होता, त्यात अँजिओग्राफीचा डाय, म्हणजे आयोडीनवालं औषध, ते किडनीतूनच बाहेर पडतं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, आधी सलाईन देऊन तयारी करू, डाय कमीत कमी वापरू, पुढच्या आठवड्यात करू. सीटी अँजिओ विचारली तर तिथेही डाय आहेच, उलट जास्तच लागतो.

घरी येताना गाडीत नाना म्हणाले, तू त्या मशीनवर रोज लोकांच्या कंबरा बघतोस, माझं हे बघता येत नाही का?

प्रश्न साधा आहे पण त्याचं उत्तर देण्यात जगातले हुशार लोक तीसेक वर्षं घालवून बसलेत.

थोडं मागे जातो. हृदयाच्या नळ्या जिवंत माणसात बघायची सुरुवातच मुळी अपघाताने झाली. १९२९ मधे जर्मनीत फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून नळी घालून थेट हृदयापर्यंत नेली आणि तशीच आत ठेवून एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला, पुरावा हवा म्हणून. वरिष्ठांनी शाबासकी द्यायची सोडून झापलं, नोबेल मिळालं १९५६ मधे. मग १९५८ मधे अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकला मेसन सोन्स एका तरुण पेशंटची झडप तपासत होते तर नळीचं टोक चुकून उजव्या कोरोनरीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत शिरलं आणि सगळा डाय तिथेच गेला. हृदय थांबलं. सोन्सनी ओरडून सांगितलं, खोक! पेशंट खोकला, हृदय परत चालू झालं. आणि त्या चुकीतून कळलं की कोरोनरीत सरळ डाय सोडता येतो. आजची अँजिओग्राफी त्याच वाटेवरची. मला ही गोष्ट आवडते कारण तिच्यात एक माणूस दुसऱ्याला श्वासाबद्दल काहीतरी ओरडून सांगतोय आणि त्याने काम होतंय, जे मी रोज करतो आणि बरेचदा होत नाही.

आता एमआरआयची अडचण काय ते. मशीन मोठं आहे, आमचं १.५ टेस्लाचं, पृथ्वीच्या चुंबकापेक्षा साधारण ३० हजारपट ताकदीचं, आतली कॉइल उणे २६९ अंशाच्या हेलियममधे बुडालेली, बाहेर धुळ्यात ४४ डिग्री असो नाहीतर काहीही असो. ताकदीला तोटा नाही. पण कोरोनरी नळी केवढी, तर सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर, पुढे दोन, मग दीड. गव्हाच्या काडीएवढी. त्यात ब्लॉक किती टक्के ते सांगायचं. आणि ही काडी स्थिर नाही, प्रत्येक ठोक्याला ती उडते, उजवीकडची तर जास्तच, आणि वरून श्वासाबरोबर अख्खं हृदय वर-खाली होतं, तेही सेंटिमीटरच्या हिशोबात. वर तिच्याभोवती चरबी, आणि एमआरआयमधे चरबी अशी चकाकते की तिच्यात नळी दिसायचीच नाही. चरबीचा सिग्नल दाबायच्या, स्नायूचा सिग्नल मारायच्या युक्त्या आहेत आणि त्या चांगल्या चालतात, स्नायूचा सिग्नल ५० मिलिसेकंदांत विझतो तर ताज्या रक्ताचा अडीचशेपर्यंत तग धरतो, म्हणून जरा थांबून फोटो घेतला की रक्त पांढरं राहतं आणि बाकी काळवंडतं. डाय न देता. हा भाग मला फार सुंदर वाटतो पण खरी डोकेदुखी हलण्याची.

लोकांना वाटतं फोटो म्हणजे क्लिक. एमआरआयमधे क्लिक नसतो. गोधडी बघितलीय ना, माय एकेक टाका घालत जाते तशी आम्ही माहितीची एकेक ओळ भरत जातो, आणि सगळ्या ओळी भरल्यावर गणित करून चित्र निघतं. पण गोधडीत एक टाका चुकला तर चूक तिथल्या तिथे राहते. आमच्या गोधडीत प्रत्येक टाका सगळ्या गोधडीचा असतो. एका ओळीच्या वेळी पेशंट हलला की त्याची भुतं अख्ख्या चित्रभर पसरतात, एका बरगडीच्या चार बरगड्या दिसतात. आणि हृदयाचं असं की ते दर ठोक्यात थोडाच वेळ निवांत होतं, मुख्यतः पुढच्या ठोक्याच्या आधी, जेमतेम सेकंदाचा दहावा हिस्सा. तेवढ्यात पंचवीस-तीस ओळी भरायच्या, परत पुढच्या ठोक्याची वाट बघायची. सगळं हृदय पूर्ण व्हायला शेकडो ठोके लागतात. एवढा वेळ श्वास कोण रोखणार?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांनी हेच केलं, एकेका श्वासात एकेक काप, रोखा-सोडा-रोखा-सोडा. काप जुळेनात कारण माणूस दर वेळी एकाच जागी श्वास थांबवत नाही, पोट कधी जास्त भरतं कधी कमी. मग नॅव्हिगेटर आला. पेशंटला आरामात श्वास घेऊ द्यायचा, मशीनने मधेच एक बारीक किरणासारखी नजर उजव्या बाजूला यकृताच्या वर, छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्यावर टाकायची, पडदा ठरलेल्या ५ मिलिमीटरच्या पट्टीत असला तरच ती ओळ ठेवायची नाहीतर फेकायची. वरून पडदा जेवढा सरकतो त्याच्या साधारण ०.६ पट हृदय सरकतं असं धरून थोडी दुरुस्ती. ०.६ हा आकडा कुणाचा? सरासरीचा. नानांचा नाही.

रविवारी सेंटर बंद असतं. रेडिओलॉजिस्ट मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या कर, मीही बघते, मशीनबरोबर कार्डिॲकचं पॅकेज आलंय आणि आपण ते कधी उघडलंच नाही. हार्टच्या डॉक्टरांना फोन केला तर स्पष्ट बोलले, करून बघ पण त्याच्यावर मी निर्णय घेणार नाही, अँजिओ पुढच्या बुधवारी ठरल्याप्रमाणेच. बरोबरच होतं त्यांचं.

नानांचा करदोडा काढायला अर्धा तास गेला. चांदीचा, लग्नापासूनचा, गाठ अशी बसलेली की शेवटी मायने दातांनी सोडवली आणि तो पदरात बांधून बाहेर बसली. छातीला ईसीजीचे स्टिकर, वर सिग्नल पकडणारी कॉइल. पोटाचं हलणं कमी व्हावं म्हणून पट्टा बांधतात, आमच्याकडे तो सापडेना, मग नानांचं उपरणंच पोटावर घट्ट गुंडाळलं.

आधी सवयीने म्हणालो, नाना, एक छोटासा फोटो, श्वास घ्या, सोडा, रोखा. सहा सेकंदांत आत खोकला. परत केलं. परत खोकला. माईकवर आवाज आला, "किती येळ धरू रे दम?" आणि मग जरा थांबून, चिडून नाही, पाटावरच्या माणसाला सांगावं तसं, "पानी थांबाडीसन पाट मोजतस का कोनी?"

मॅडम अहिराणी नसलेल्या, नागपूरकडच्या. त्यांनी विचारलं काय म्हणाले. मी सांगितलं, त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या बरोबर आहे की त्यांचं.

मग नॅव्हिगेटरवाला स्कॅन लावला. कागदावर सात मिनिटांचा. स्क्रीनवर पडद्याची ती लाट दिसत राहते, पट्टीत आली की हिरवी, नाहीतर लाल. सुरुवातीला निम्म्याच्या जवळ ओळी पास होत होत्या. मग नाना झोपले. एवढ्या खडखडाटात! पण रात्री चारीवर फिरलेला माणूस कुठेही झोपतो. आणि झोपेत श्वासाची चाल बदलली, पडदा हळूहळू सरकून पट्टीच्या बाहेर जाऊन बसला, लाल, लाल, लाल. शेवटी सरासरी ३२ टक्के निघाली आणि सात मिनिटांचे बावीस झाले. म्हणजे तीनातले दोन श्वास मशीनने फेकून दिले. बापाचे श्वास, आणि मी ते लाल होताना बघत बसलेलो.

चित्र आलं. उजवी कोरोनरी अशी दिसली की मॅडमच्या तोंडून वा निघालं, सुरुवातीपासून खालच्या वळणापर्यंत, स्वच्छ, पाटासारखी. डावीकडचा मुख्य भागही बरा. पण पुढून खाली उतरते ती एलएडी, तिचा पहिला भाग दिसला आणि मग मधे सगळं पुसट. नंतर परत दिसतेय असं वाटलं, नाहीही वाटलं. मॅडमनी कर्सर तिथे नेऊन बराच वेळ ठेवला. "इथे मी काही सांगणार नाही. ब्लॉक म्हणून पुसट की हलल्यामुळे पुसट, कोण सांगणार?"

नाना उठून कन्सोलवर आले, चष्मा लावला. उजवी नळी बघून खूश. मग बरोबर त्या जागी बोट. "आठेच धुकं काबर शे?" इथेच धुकं का, म्हणून.

खरं तर आमचं चित्र काही लाज वाटण्यासारखं नव्हतं. २००१ मधे याच पद्धतीचा पहिला मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमधे आला, १०९ पेशंट, नळ्यांच्या ७५९ भागांपैकी ६३६ वाचता आले, आणि ९४ मोठ्या ब्लॉकपैकी ७८ सापडले. डावी मुख्य नळी किंवा तिन्ही नळ्या खराब असतील तर ते एमआरआयने सोडलं नाही, पण एकूण अचूकता ७२ टक्क्यांवर अडली. जपानमधे १३८ पेशंटांवर झालेला अभ्यास २०१० मधे आला, तिथे आजार पकडण्याचं प्रमाण ८८ टक्क्यांवर गेलं. वाईट नाही हो, पण नळी घालायची की नाही हे ठरवायला ८८ म्हणजे बारा लोक सुटले. तोपर्यंत सीटी कुठल्या कुठे गेली. काही सेकंदांत, अर्ध्या मिलिमीटरच्या बारकाईने, श्वास रोखायचा तोही एकदाच. एमआरआय त्या शर्यतीत मागेच राहिली आणि तिचं काम उरलं ते नळ्यांची जन्मजात वाट चुकलीय का बघायला, किंवा कावासाकी नावाचा आजार झालेल्या पोरांच्या नळ्यांचे फुगे वर्षानुवर्षं बघायला, जिथे सारखं सारखं रेडिएशन देणं बरं नाही. एक मात्र आहे, म्हाताऱ्यांच्या नळ्यांत चुना, म्हणजे कॅल्शियम, साचलेला असतो आणि सीटीवर तो एवढा भडक दिसतो की आत वाट किती उरलीय ते कळत नाही. एमआरआयला त्या चुन्याचं काही पडलेलं नाही. आणि किडनीलाही ती त्रास देत नाही, निदान डाय नसताना. म्हणजे नानांसारखा माणूस, साखर, चुना, कमजोर किडनी, हाच खरा तिचा गिऱ्हाईक, आणि त्याच्याच वेळी ती धुकं दाखवते.

बुधवारी अँजिओ झाली. मनगटातून नळी, डाय मोजून मापून. ब्लॉक एलएडीत, बरोबर धुक्याच्या जागी. तिथेच स्टेंट बसवला. क्रिएटिनिन दोन दिवस १.९ वर जाऊन परत खाली आलं. म्हणजे आमच्या चित्रात उत्तर होतं असं म्हणायचं का? मी नाही म्हणणार. जे मला वाचता आलं नाही ते मला दिसलं होतं असं मागाहून म्हणणं लबाडीचं आहे. दुसऱ्या पेशंटमधे त्याच जागी नुसतंच धुकं असेल.

त्यानंतर रात्री जेवण झाल्यावर या विषयावरचं वाचायला लागलो आणि एक गोष्ट बघून मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुख्य बदल झालाय तो फेकण्याच्या सवयीत. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी आणि बाकीच्यांनीही पडद्याकडे बघणं सोडून दर ठोक्याला हृदयाचंच एक पटकन, जाडंभरडं चित्र घ्यायला सुरुवात केली. म्हणजे ०.६ चा अंदाज नाही, हृदय किती खाली गेलं, किती बाजूला सरकलं ते सरळ तिथूनच वाचायचं. मग सगळे श्वास ठेवायचे. श्वास सोडलेल्या वेळच्या ओळी एका ढिगात, अर्ध्या श्वासाच्या दुसऱ्या, भरलेल्या श्वासाच्या तिसऱ्या, प्रत्येक ढिगाचं हृदय कसं सरकलंय, कसं दाबलं गेलंय, नुसतं सरकलेलं नाही तर वाकलेलं, ते गणिताने ओळखायचं आणि उलटं फिरवून सगळं एका जागी आणायचं. लाल काही नाहीच, शंभर टक्के हिरवं. स्कॅनला किती वेळ लागणार हेही आधीच सांगता येतं, पेशंट झोपला तरी.

पाण्यात हात धरून बसलेले नाना मला आठवले. पाणी चालू असतानाच.

दुसरा बदल टाके कमी घालण्याचा. २००७ मधे लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी दाखवलं की सगळ्या ओळी न भरताही चित्र काढता येतं, ओळी नीट विखरून सोडल्या आणि चित्र मुळात साधं असतं एवढं गृहीत धरलं तर. त्याच्याही आधी १९९७ पासून सिग्नल पकडणाऱ्या अनेक कॉइल एकदम वापरून वेळ वाचवणं सुरू झालेलं. हे सगळं एकत्र करून आता अख्ख्या हृदयाचा एक मिलिमीटरच्या आसपासचा स्कॅन दहा मिनिटांच्या आत होतो. आणि आता एआय आलंय, थोड्या ओळींतून गुळगुळीत चित्र काढून देतं, मोठ्या कंपन्यांच्या नव्या मशीनवर ते आलेलंही आहे.

इथे माझा जरा आखडता हात आहे. भुतं मला ओळखता येतात, चौदा वर्षं बघतोय, खराब चित्र खराब आहे हे स्वतःच सांगतं. एआयने साफ केलेलं चित्र असं काही सांगत नाही. जिथे धुकं होतं तिथे त्याने छान सरळ नळी काढून दिली तर? त्याने हजारो नळ्या बघितल्यात, बहुतेकींचा मधला भाग चांगलाच असतो, मग इथेही चांगलाच असेल असं त्याने धरलं तर? संशोधक हे तपासतात, अँजिओग्राफीशी ताडून बघतात, मला माहितीये. तरी मला वाटतं चित्राबरोबर धुक्याचाही एक नकाशा यावा, इथे मला खात्री नाही असं मशीनने स्वतः म्हणावं, मॅडमनी म्हटलं तसं. मॅडमच्या त्या एका वाक्यावर माझा जेवढा विश्वास बसला तेवढा कुठल्याच गुळगुळीत फोटोवर बसलेला नाही.

आमच्या सेंटरला हे नवं सॉफ्टवेअर कधी येईल? विचारलं होतं. ज्यांना विचारलं त्यांनी उलट विचारलं, महिन्याला हार्टचे किती पेशंट होतील? मी म्हणालो सध्या शून्य. ते म्हणाले मग. मुद्दा संपला. मशीन नाही म्हणून पेशंट नाही आणि पेशंट नाही म्हणून मशीन नाही, खानदेशात रेल्वेपासून कॉलेजपर्यंत सगळ्यात हेच ऐकत मोठा झालो.

तरी एक केलं. मॅडमशी बोलून महिन्यातून एका रविवारी आम्ही स्वतःवर स्कॅन करून बघतो. ट्रिगर कुठे ठेवायचा, म्हणजे ठोक्यानंतर ओळी कधी भरायला घ्यायच्या, उजव्या नळीचा निवांत वेळ आणि डावीचा वेगळा असतो तो कसा पकडायचा, पट्टी किती रुंद. माझी एलएडी दिसली परवा, बऱ्यापैकी. बघताना हात जरा गार पडले होते ते सांगत नाही कुणाला. आणि रोजच्या पोटाच्या स्कॅनला जिथे रोखा म्हणणं टाळता येतं तिथे मी आता टाळतो, वेळ जास्त जातो म्हणून बाहेरचे ओरडतात.

नाना बरे आहेत. बांध चढतात, वर जाऊन थांबत नाहीत, मुद्दाम माझ्याकडे बघून थांबत नाहीत. फेब्रुवारीत गावी गेलो तर दादर ज्वारी कणसाला आलेली आणि वावराच्या मधोमध काठीवर काहीतरी चमकत होतं. जवळ जाऊन बघतो तर आमच्या सेंटरची सीडी, वर माझ्याच अक्षरात नाव आणि तारीख, त्या बावीस मिनिटांची. सुतळीने बांधलेली, वाऱ्यावर गरगर फिरत होती.

मी म्हणालो नाना, हे काय.

"आते चिड्या येतस नही," म्हणाले, आणि चारीकडे चालू लागले, त्या दिवशी आमची पाळी होती.